बडतर्फीचा लवाद-निवाडा हायकोर्टात जाण्याआधीची तयारी

लवादाने बडतर्फी कायम केली असो, की कामगाराला परत घ्या म्हटल्यावर कंपनी हायकोर्टात निघाली असो, निवाडा वाचायच्या आधी लवादाचा करार शोधून काढा. तो औद्योगिक विवाद कायदा 1947 च्या कलम 10-अ खालचा (म्हणजे मालक आणि कामगारांनी लेखी कराराने वाद लवादाकडे सोपवलेला) असेल, तर व्यापारी भांडणांचा लवाद कायदा इथे लागू नाही. त्यातल्या कलम 34 चा, म्हणजे निवाडा रद्द करण्याचा, अर्ज करून बसलात तर महिने फुकट जातात. आव्हान द्यायचं ते मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेनेच, म्हणजे राज्यघटनेने हायकोर्टाला दिलेल्या अधिकाराखालच्या अर्जाने. आणखी एक, 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता 2020 अमलात आली आहे. इथली कलमं जुन्या कायद्याची आहेत, म्हणून करार आणि निवाडा या दोन्हींच्या तारखा आधी वकिलाला सांगा.

करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत का, प्रत सरकारकडे आणि समेट अधिकाऱ्याकडे गेली का, आणि मुख्य म्हणजे करार राजपत्रात छापला गेला का, हे तपासा. त्या अंकाची प्रत फाइलमध्ये हवीच. बहुतेक फायलींत ती नसते, कारण सह्या झाल्या की सगळे निर्धास्त होतात. कर्नाल लेदर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1989 मध्ये ही प्रसिद्धी सक्तीची ठरवली, त्यामुळे जिंकलेला निवाडाही यावरून हातचा जाऊ शकतो. राज्याच्या अखत्यारीतल्या कंपनीसाठी प्रत कधी पोचली याची चौकशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात करा. निवाडाही प्रसिद्ध व्हावा लागतो, आणि प्रसिद्धीनंतर 30 दिवसांनी तो अमलात येतो.

आता खरी मेहनत. हायकोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. अधिकाराबाहेर जाऊन दिलेला निवाडा, बाजू मांडायची संधी न देणं, कायद्याची उघड चूक, किंवा पुरावाच नसताना काढलेला निष्कर्ष, एवढ्याच फटी असतात. म्हणून एका कागदावर तीन रकाने आखा: लवाद काय म्हणतो आणि कुठल्या परिच्छेदात, त्यावर रेकॉर्डमध्ये काय आहे आणि कुठल्या पानावर, आणि यातली कायद्याची चूक कोणती. समजा निवाड्यात ‘चोरी सिद्ध’ असं लिहिलंय, पण गेटवरच्या सुरक्षारक्षकाची उलटतपासणी होऊच दिली नाही. मग खात्याच्या चौकशीतलं त्या दिवसाचं पान, त्यावर नोंदवलेली हरकत आणि लवादापुढच्या लेखी म्हणण्यातला तोच मुद्दा, असे तिन्ही कागद एकापाठोपाठ लावा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो मुद्दा गाळा. वीस मुद्द्यांची याचिका न्यायमूर्ती वाचतात, पण त्यातला खरा मुद्दा बुडतो.

शिक्षा अवाजवी आहे असं म्हणायचं असेल, तर शिक्षा कमी करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम 11-अ मध्ये लवादाचा उल्लेख नसला तरी गुजरात स्टील ट्यूब्सच्या निकालाने तो अधिकार लवादालाही मान्य केला आहे, हे वकिलाच्या कानावर घाला. आधीच्या सेवेच्या नोंदी, बक्षिसं, मेमो सगळं द्या. मेमो लपवलेत तर कंपनी ते काढणारच.

हायकोर्टाची भाषा इंग्रजी, त्यामुळे मराठी जबान्यांची भाषांतरं लागतात. ती आधी करायला टाका. पुसट झेरॉक्स पुन्हा टाइप करून घ्या. प्रमाणित प्रत, तारखांची यादी, अनुक्रमणिका, पानांवर सलग आकडे, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र हे नेहमीचंच. रिटला ठरावीक मुदत नाही म्हणून सैल राहू नका. उशीर झाला तर प्रत्येक महिन्याचं कारण द्यावं लागतं.

कामगार जिंकला असेल तर निवाडा हाती येताच कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणं अवघड होतं. कॅव्हेट 90 दिवस चालतं, मग नवं टाकावं लागतं. कामावर परत घेण्याचा आदेश असेल तर हायकोर्टातलं प्रकरण चालू असताना पगार देणाऱ्या कलम 17-ब चा आधार घेता येईल का, हे वकिलाला विचारा, कारण त्यात कामगार न्यायालय आणि न्यायाधिकरणांचे निवाडे आहेत, लवादाचा उल्लेख नाही. तरी प्रतिज्ञापत्र तयारच ठेवा: सध्या कुठेही पगारी नोकरी नाही, एवढं त्यात स्पष्ट हवं. या कलमाखाली मिळतो तो बडतर्फीच्या वेळचा शेवटचा पगार, आजच्या दराचा नव्हे, म्हणून शेवटची पगारपावती सोबत जोडा. मधल्या काळात कुठे काम केलं असेल तर ते लपवू नका. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दुसऱ्या मालकाचा भरणा दिसला की कंपनीचा वकील नेमकं तेच पान कोर्टापुढे ठेवतो.