फोटो हलका करा, पण साडीचा काठ सांभाळून

‘क्वालिटी साठवर टाका, साइज उतरते’ हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच लायकीचा असतो. साइज उतरते, नाही कशाला म्हणू? पण बाटली-हिरव्या माहेश्वरीचा लाल काठ विटकरी दिसायला लागतो, जरीची चमक जाते आणि मग पुण्याहून फोन येतो, ‘ताई, रंग नक्की हाच ना?’ इंदूरमध्ये घरून साड्या विकणाऱ्या आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणींचे फोटो माझ्याकडेच येतात, त्यामुळे हे फोन मला पाठ आहेत.

मूळ फोटो बाजूला ठेवा. त्याच्या कॉपीवर काम करा. व्हॉट्सअॅपवरून चार ग्रुप फिरून आलेला फोटो मूळ नव्हे. जेपेग (फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) दर वेळी सेव्ह होताना थोडं काहीतरी गमावतो आणि ते परत येत नाही. त्याला पीएनजी, म्हणजे काहीही न गमावता साठवणाऱ्या प्रकारात बदलून ‘क्वालिटी वाढवणारे’ लोक फक्त फाइल फुगवतात.

आधी पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते ठिपके, कमी करा. फोनचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. कॅटलॉगला १६०० बाय १२०० भरपूर झाले. तेवढ्यानेच पिक्सेल सहाव्या हिश्श्याहूनही खाली येतात आणि फोनवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. फाइल हलकी करायला डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) ७२ करा, असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा. पिक्सेल तेवढेच राहिले तर डीपीआयच्या आकड्याने फाइल हलत नाही, तो छपाईपुरता आहे.

परीक्षेच्या अर्जांचंही हेच. आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरती परीक्षेच्या अर्जाला २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. मुलं मोठाच फोटो ठेवून क्वालिटी खाली ओढत बसतात आणि चेहऱ्यावर चौकटी उमटतात. आधी २०० बाय २३० करा, मग क्वालिटी चढवायला जागा उरते. कधी कधी चढवावीच लागते, कारण २० केबीच्या खालीही अर्ज अडतो.

आता क्वालिटी. या पायरीने मला सगळ्यात जास्त छळलं, म्हणून इथे थांबून वाचा.

पहिली गोष्ट, क्वालिटीचा आकडा टक्केवारी नाही. ८० म्हणजे फोटोतलं ८० टक्के राहिलं, असा अर्थ होत नाही आणि एका सॉफ्टवेअरचे ८० दुसऱ्याच्या ८० शी जुळतीलच असं नाही. फोटोशॉपच्या साध्या सेव्हमध्ये तर मोजपट्टीच १२ पर्यंतची असते. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. ८५ वरून सुरू करा, पाच-पाचने उतरा, खोट दिसली की एक पायरी वर या. माझं बहुतेक काम ७५ ते ८५ मध्ये संपतं.

खोट शोधायची कुठे, हे कोणी सांगत नाही. पांढऱ्या भिंतीकडे बघू नका. काठ अंगाला मिळतो ती रेघ बघा, चटाईच्या नक्षीतली जर बघा आणि निऱ्यांच्या गडद सावल्या बघा. जेपेग चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत कापून दाबतो, ते तुकडे सगळ्यात आधी सावलीत डोकं वर काढतात. बघायचं १०० टक्क्यांवर. ४०० टक्के झूम करून बसलात तर कुठलाच फोटो पास होणार नाही, आणि गिऱ्हाईक काही भिंग घेऊन बसलेलं नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. क्वालिटी ९० ठेवूनही लाल काठ पसरतो, याचं कारण क्वालिटी नाहीच. जेपेग उजेड आणि रंग वेगळे साठवतो. डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो, म्हणून तो बरेचदा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवतो. याला सबसॅम्पलिंग म्हणतात, ४:२:० असं लिहिलेलं दिसेल. लग्नाच्या हॉलच्या फोटोला काही बिघडत नाही. पण हिरव्यावर लाल, काळ्यावर राणी, अशा बारीक रेघा तिथेच फसतात. गिंप या फोटो एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४, म्हणजे दर पिक्सेलला स्वतःचा रंग, करा. फाइल थोडी वाढेल, ती क्वालिटी पाच-सातने उतरवून वसूल करा. ४:४:४ ला ७८ हे ४:२:० च्या ९० पेक्षा काठासाठी चांगलं, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

आणि हो, वेबपी या नव्या फाइल प्रकाराच्या नादी लागण्याआधी ऐका. साध्या फोटोला उत्तम, फाइल जेपेगहून बहुधा लहान. पण त्याचा नेहमीचा प्रकार कायम ४:२:० च असतो, त्यामुळे लाल काठाच्या साडीला मी तो वापरत नाही.

ढीगभर फोटो असतील तर प्रत्येकावर एवढा जीव काढू नका. गठ्ठ्यातली सगळ्यात किचकट साडी उचला, तिच्यावर आकडा ठरवा, बाकीच्यांना तोच लावा. तुलनेला स्क्वूश ही फोटो दाबणारी वेबसाइट बरी पडते. मधली पट्टी सरकवून आधीचा-नंतरचा दिसतो आणि काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फोटो कुठे अपलोड होत नाही.

लोगो, पत्रिका, स्क्रीनशॉट पीएनजीतच ठेवा. अक्षरांच्या कडेला जेपेग घाण करतो.

फोटोच्या फाइलमध्ये लपलेली जादा माहिती काढा. घरून विकत असाल तर लोकेशन आधी उडवा, फोटोसोबत घराचा पत्ता वाटायची गरज नाही. मात्र ‘सगळं काढा’ म्हणून रंगाचं प्रोफाइलही (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी नोंद) काढू नका. आयफोन डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या पद्धतीत फोटो काढतो. प्रोफाइल गेलं की राणी रंग मळकट दिसतो. आधी एसआरजीबीत, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदला, मग पुढचं.

पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर ते आपल्या हिशेबाने पुन्हा दाबतं, आणि तिथे ४:४:४ वगैरे तुम्हाला कोणी विचारत नाही.