पोटाच्या ऑपरेशननंतर मूल जेवत नाही? या चुका टाळा

डिस्चार्ज मिळून मूल घरी आलं की दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय असतो: "अहो, काही खातच नाही." आजी वाटी घेऊन मागे मागे, आई हिशेब मांडत, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "किती वाळलंय" म्हणून भर घालणार. या घाईतच बहुतेक चुका होतात.

पोट उघडलं, किंवा दुर्बिणीतून का होईना आतड्यांना हात लागला, की आतडी काही काळ थंडावतात. लहान आतडं काही तासांत ते दिवसभरात पुन्हा चालू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन ते तीन. म्हणून आधी वारा सरतो, मग पाणी पोटात टिकतं, लघवी नीट होते, शी होते, आणि भूक या सगळ्यांच्या मागून येते. साध्या अपेंडिक्सनंतर मूल आठवडाभर अर्धवट जेवलं तर त्यात वावगं काही नाही. अपेंडिक्स फुटलेलं असेल किंवा आतड्याचा तुकडा काढून टाके घातले असतील तर दोन-तीन आठवडे सहज जातात. यातलं आपल्या मुलाचं नेमकं काय झालं, हे डिस्चार्ज कार्डावरून समजून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

दुखणं कमी मोजणं

न जेवण्याचं सगळ्यात मोठं कारण दुखणं. पोट दुखत असलेलं मूल रडेलच असं नाही. ते गप्प पडून राहतं, पाय पोटाशी घेतं, खोकला दाबतं आणि घास नको म्हणतं. "उगाच औषधं कशाला" म्हणून डोस टाळला की जेवणही टळतं.

दुसरी चूक बाटलीची. पॅरासिटामॉल साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १५ किलोच्या मुलाला एका वेळी २२५ मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते साडेचार मिली होतात. दुकानात तीच बाटली नव्हती म्हणून ५ मिलीत १२० वाली आणली आणि तेच साडेचार मिली दिले, तर पोटात गेले जेमतेम १०८ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा डोस. उलट, १२० वाल्या सिरपचे नऊ मिली लिहून दिले असताना घरातले बाळाचे ड्रॉप्स (१ मिलीत १०० मिलिग्रॅम) तेवढेच पाजले, तर डोस चौपट होतो आणि यकृताला धोका पोहोचतो. कागदावरचे मिलिग्रॅम आणि लेबलवरचे मिलिग्रॅम शेजारी ठेवून बघा, आणि चमच्याऐवजी सिरिंजने मोजा. काही सिरपांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं की डोस दुप्पट.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर मूल खांदा दुखतो म्हणालं तर गोंधळू नका. पोट फुगवायला वापरलेल्या वायूमुळे ते होतं आणि सहसा एक-दोन दिवसांत थांबतं.

भुकेचं टॉनिक आणि एरंडेल

मेडिकलमध्ये "भूक लागायचं काहीतरी द्या" म्हटलं की सायप्रोहेप्टाडिनचं सिरप हातात पडू शकतं. हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्याने गुंगी येते आणि आतड्यांची हालचाल आणखी मंदावू शकते. ऑपरेशननंतर आपल्याला नेमकं याच्या उलट हवं असतं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर नको.

जेवण अडवायला बद्धकोष्ठही पुरेसं असतं. भूलीनंतरची वेदनाशामकं, कमी पाणी आणि दिवसभर लोळणं, तिन्ही मिळून शी खडा होते. मग एरंडेल किंवा एनिमाची आठवण निघते. आतड्याला टाके असतील तर हे घरच्या घरी अजिबात करायचं नाही. शी मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मुलाला दिवसातून चार-पाच वेळा खोलीतल्या खोलीत चालवा. उठताना, खोकताना पोटाशी छोटी उशी दाबून धरायला दिली की भीती कमी होते.

पातळ पाण्यावर आठवडा

पहिले एक-दोन दिवस पेज, वरणाचं पाणी ठीक. पण डॉक्टरांनी मऊ जेवण सांगितल्यावरही तेच चालू ठेवलं, तर पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. पाव वाटी तांदूळ, त्याच्या निम्मी मूगडाळ, सव्वादोन वाट्या पाणी, हळद-मीठ, चार-पाच शिट्ट्या. घोटून वर चमचाभर तूप. चमचाभर तुपातून ४५ कॅलरी मिळतात, म्हणून ते वगळू नका. मेतकूट-भात, सायीचं दही, मऊ शिरा, नाचणी सत्त्व, अंडं चालत असेल तर उकडलेलं. दिवसातून सहा वेळा अर्धी अर्धी वाटी. तीन वेळा ताट वाढून समोर बसवलं तर हरणार तुम्हीच.

"भात, बटाटा, वांगं नको, पू होतो" हे घरोघरी ऐकू येतं. पू जंतूंमुळे होतो, भाताने नाही. या पथ्यापायी आधीच कमी खाणाऱ्या मुलाच्या तोंडचा सगळ्यात सोपा घास जातो. भेटायला येणाऱ्यांची खारी, बाकरवडी, क्रीमरोल मात्र आठवडाभर फडताळात राहू द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध सुरू करा म्हटलं की आईचंच; गुटी नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर कधीच नको.

पाण्याचा अंदाज

पुण्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात घाम जाणवतही नाही. १५ किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे सव्वा लिटर द्रव लागतं. दूध, ताक, पेज त्यातच धरा. पीत नसेल तर दर दहा मिनिटांनी चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली. दहा तासांत १२०० मिली होतात. एकदम ग्लासभर पाजलं की उलटी आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

जुलाब झाले म्हणून ओआरएस देत असाल तर मोठं पाकीट लिटरभर पाण्यातच. ग्लासात विरघळवलं तर मीठ धोक्याचं वाढतं. लिटरमागे फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असलेलं हवं. पाकीटबंद ज्यूसमध्ये साखर त्याच्या कित्येक पट असते, त्याने जुलाब वाढतात आणि उरलीसुरली भूकही मरते.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शी झाल्यावर.

वाट पाहू नये अशी चिन्हं

हिरवी उलटी. पोट ताणून फुगलेलं आणि वारा सरायचा थांबलेला. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप. आठ तास लघवी नाही. जखम लाल, गरम, वाहती. अपेंडिक्स फुटलेलं असेल तर पाचव्या दिवसापासून पुढे ताप आणि थोडी थोडी, चिकट शी सारखी होत राहिली, तर तिला जुलाब समजून घरी औषध देऊ नका; ओटीपोटात पू साठल्याचं ते लक्षण असू शकतं.

हिरवी उलटी किंवा पोटफुगी असेल तर तोंडाने काहीही न देता निघा. भोर, जुन्नर, दौंडकडे परतलेल्यांनी निघतानाच ऑपरेशन झालेल्या वॉर्डात फोन करावा, कार्ड सोबत घ्यावं, आणि मूल मलूल असेल तर १०८ बोलवावी. उलटीचा रंग रात्रीच्या उजेडात फसवतो. पांढऱ्या रुमालावर टिपून बघा आणि फोटो काढून ठेवा.