आर या प्रोग्रामिंग भाषेत सगळ्या कॉम्बिनेशनवर फंक्शन चालवताना या चुका टाळा

आउटर हे आरचं फंक्शन दोन वेक्टरच्या (किमतींच्या याद्यांच्या) सगळ्या जोड्यांवर आपलं फंक्शन लावून मॅट्रिक्स देतं. ते प्रत्येक जोडीसाठी वेगळं चालवतं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. एक्समध्ये 3 आणि वायमध्ये 4 किमती (व्हॅल्यू) असतील, तर आउटर दोन्ही वेक्टर 12 लांबीचे करून फंक्शन एकदाच चालवतं. उत्तरही 12 लांबीचंच लागतं. फंक्शनने सम (बेरीज) लावून एकच आकडा परत दिला, तर डायमेन्शन जुळत नसल्याची एरर येते. आत इफ असेल तर आर 4.2.0 पासून थेट एरर. त्याआधी नुसती वॉर्निंग यायची आणि पहिल्या किमतीचा निकाल सगळ्यांना लागायचा.

एरर आली तर बरंच म्हणायचं. उणे किमती शून्यावर आणायला 'एक्स गुणिले मॅक्स(वाय, 0)' लिहिलंत, तर लांबी जुळते, मॅट्रिक्स व्यवस्थित दिसते, पण मॅक्स सगळ्या 12 किमतींमधून काढलेला असतो. इथे प्रत्येक जागेसाठी वेगळा मॅक्स काढणारं पीमॅक्स हवं, तसंच इफच्या जागी प्रत्येक किमतीवर अट तपासणारं इफएल्स. फंक्शन बदलता येत नसेल तर ते व्हेक्टराइझमधून काढून आउटरला द्या. नाव काहीही सुचवो, त्याने वेग वाढत नाही; आत फंक्शन एकेका जोडीवर फिरवणारं एमअप्लायच चालतं.

एमअप्लाय थेट वापरलं तर? ते पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जोडतं. 3 आणि 3 किमती दिल्या की 9 ऐवजी 3 उत्तरं, तीही बिनबोभाट. म्हणून आधी एक्सपांड.ग्रिडने सगळ्या कॉम्बिनेशनचा तक्ता (डेटा फ्रेम) करा, मग त्याचे कॉलम डू.कॉलने एमअप्लायला आर्ग्युमेंट म्हणून द्या. कॉलमची नावं फंक्शनच्या आर्ग्युमेंटशी जुळवा. नावं न दिल्यास ती व्हार1, व्हार2 अशी पडतात आणि 'अनयूज्ड आर्ग्युमेंट' ही एरर समोर येते. जो वेक्टर प्रत्येक वेळी अख्खा जायला हवा, तो एमअप्लायच्या मोअरआर्ग्ज या आर्ग्युमेंटच्या लिस्टमध्ये ठेवा.

ग्रिडवर ओळीओळीने अप्लाय चालवू नका. ते आधी डेटा फ्रेमची मॅट्रिक्स करतं. एक जरी कॉलम मजकुराचा असला तरी आकडेही मजकूर होतात. 5 आणि 10 असलेल्या कॉलममधला 5 तर पुढे स्पेस लागून येतो. शिवाय एक्सपांड.ग्रिड मजकुराचे फॅक्टर (आत क्रमांक ठेवणारा, ठरावीक गटांचा प्रकार) करतं. आर 4.0.0 मध्ये डेटा.फ्रेमची ही सवय गेली, याची नाही. स्ट्रिंग्जअ‍ॅजफॅक्टर्स स्वतःहून फॉल्स करा.

निकाल अ‍ॅरेत भरताना क्रम पाहा. एक्सपांड.ग्रिडमध्ये पहिलं आर्ग्युमेंट सर्वांत भरभर बदलतं, आरच्या अ‍ॅरेतही तसंच, त्यामुळे डिम (अ‍ॅरेच्या प्रत्येक बाजूची लांबी) सरळ क्रमाने द्यावा. टायडीआर या पॅकेजच्या एक्सपांड_ग्रिडमध्ये शेवटचं आर्ग्युमेंट भरभर बदलतं. तिथे डिम उलटा देऊन मग बाजूंचा क्रम बदलणारं एपर्म लावावं लागतं. शंका असेल तर मधला एखादा सेल घेऊन तेच फंक्शन हाताने चालवून पाहा. कोपऱ्यातला नको: पहिला आणि शेवटचा सेल क्रम चुकला तरी बरोबरच येतात.

ग्रिड बनवण्याआधी लांबींचा गुणाकार करा. सहा आर्ग्युमेंट, प्रत्येकी 20 किमती म्हणजे 6,40,00,000 ओळी. दशांशी आकडे असतील तर नुसत्या इनपुटलाच सुमारे 3 जीबी मेमरी.