मांजराला जंताचं औषध दिलं आणि पोट बिघडलं? या चुका टाळा

जंताचं औषध दिल्यावर मांजर ओकलं की घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळे घाबरून जे हाताला लागेल ते त्याला पाजतात, नाहीतर "औषधाने होतंच असं" म्हणून दोन दिवस सोडून देतात. मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते.

आधी, काय झालं तर घाबरायचं नाही ते सांगते. गोळी चावली गेली आणि तोंडाला फेस आला, लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, तर ती विषबाधा नाही. प्राझिक्वांटेल हे औषध भयंकर कडू असतं, त्याचा तो परिणाम. आवडीचं काहीतरी चाटायला द्या, थोड्या वेळात थांबतं. एखादी ओकारी, एक-दोन दिवस जरा पातळ शी, पण मांजर खातंय, खेळतंय, अंग चाटतंय, तर वाट बघायला हरकत नाही. शीमध्ये उकडलेल्या शेवयांसारखे जंत, तेही वळवळणारे, दिसले तरी दचकू नका. पायरँटेल हे जंताचं औषध जंतांना मारत नाही, लुळं करतं, म्हणून ते कधीकधी जिवंतच बाहेर पडतात. टेपवर्मचं, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांचं, उलट आहे. ते बरेचदा आतच विरघळून जातात, काही दिसतच नाही. "काहीच पडलं नाही, म्हणजे औषध लागू पडलं नाही" असं समजून दुसऱ्याच दिवशी परत डोस देणं ही नेहमीची चूक आहे. दिल्या दिल्या ओकून टाकलं तरी पुन्हा द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वजनाचा अंदाज बांधू नका. माझ्या एका पिल्लाचं मी हातात धरून "असेल सातशे ग्रॅम" असं ठरवून त्या हिशेबाने डोस दिला होता. नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलचा डबा ठेवून त्यात बसवलं, तर भरलं ४५०. फुगलेलं पोट आणि ओल्या पावसाळ्यातली फुललेली लव यांनी मला फसवलं होतं. रात्रभर त्याला जुलाब झाले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मोठं मांजर असेल तर त्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. सिरप असेल तर बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसतं. सिरिंज गालाच्या बाजूने लावून थेंबथेंब पाजा; घशात एकदम पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जाऊ शकतं.

कुत्र्याची गोळी अर्धी करून देऊ नका. आणि कुत्र्यांच्या मानेवर लावायचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध तर मांजराच्या आसपासही नको, त्याने मांजर मरतं.

आता दूध. जुलाब झाले, अशक्त झालंय, म्हणून वाटीभर दूध पुढे ठेवणारी माणसं मायेनेच ठेवतात. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही, जुलाब वाढतात. नेहमीचं खाणं थोडं थोडं द्या, किंवा नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. पिल्लाला उपाशी ठेवू नका. आपल्या कपाटातली जुलाबाची गोळी नको, आणि पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा मांजराच्या जिवावर बेततो.

सगळ्यात महत्त्वाचं इथून पुढे. रस्त्यावरून आणलेलं, लस न झालेलं पिल्लू वारंवार ओकतंय, खात नाही, पाण्याच्या भांड्याशी मान टाकून बसलंय, तर औषधाला दोष देत बसू नका. तो पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार असू शकतो, ज्याला बरेच जण मांजरांचा पार्व्हो म्हणतात. त्यात एकेक तास मोलाचा असतो. म्हणूनच आधीच मलूल असलेल्या पिल्लाला घरच्या घरी जंताचं औषध देऊच नये, आधी तपासून घ्यावं. पोट टम्म फुगलंय, ओकाऱ्या होतायत आणि शी होत नाही, तर जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. शीत रक्त, पांढरट हिरड्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहणं, यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्या, विशेषतः गुबगुबीत मांजराने पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तरी थांबू नका. उपासाने त्यांच्या यकृतात चरबी साठते.

पिल्लांना साधारण दोन आठवड्यांनी डोस परत द्यावा लागतो, कारण शरीरात फिरणाऱ्या अळ्यांवर पहिला डोस पोचत नाही. आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे पुन्हा दिसले तर पिसवा बघा. टेपवर्म बहुधा पिसवांतूनच परत येतो.

दवाखान्यात जाताना ताजी शी छोट्या डबीत घ्या, औषधाची बाटली किंवा रिकामं पाकीट बरोबर ठेवा. किती वाजता, किती दिलं, पहिली ओकारी कधी झाली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.