लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आला की आधी वजाबाकी करा

सोलापुरात पूर्व भागातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी चोवीस वर्षं रक्त काढते. सकाळी सातला शटर वर जायच्या आधीच पायरीवर चार-पाच जण उपाशीपोटी बसलेले असतात. संध्याकाळी तेच लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे, रिपोर्ट न्यायला येतात आणि कागद माझ्याच पुढं धरतात, "अक्का, कोलेस्ट्रॉल किती आलंय बघा की." मी पहिली ओळ बघायची, १७८ नाहीतर १९२, आणि म्हणायची, "दोनशेच्या आत आहे मामा." मामा खूश, मी मोकळी.

माझ्या थोरल्या भावालाही असंच सांगितलं होतं. अण्णा टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. तेव्हा वय ५१, शुगरची गोळी आठ वर्षांपासून चालू. टोटल आली १७८. ट्रायग्लिसराइडपुढं, म्हणजे रक्तातल्या साध्या चरबीच्या आकड्यापुढं, जास्तीची चांदणी होती, २१०. म्हटलं, काल लग्नात जेवलास ना, त्याचं असेल. एचडीएल, लोक ज्याला चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणतात ते, ३१ होतं, तिकडं मी बघितलंसुद्धा नाही. सात महिन्यांनी पहाटे अडीचला वहिनीचा फोन आला. आता त्याच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट आहे आणि तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये. मशीननं आकडे बरोबर दिले होते. मीच पहिल्या ओळीवर थांबले.

तर कागद असा वाचा. पेन घ्या आणि टोटल कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल वजा करा. अण्णाचे १७८ वजा ३१, उरले १४७. ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात. काही लॅब हा आकडा खाली बारीक अक्षरात छापतात, काही छापतच नाहीत. सगळ्या कागदातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

का, ते अण्णाला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिल्यावर कळलं. चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त बरंचसं पाणीच. म्हणून यकृत चरबी आणि कोलेस्ट्रॉल प्रथिनाच्या वेष्टनात बांधून रवाना करतं. ह्या गठ्ठ्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. यकृतातून निघतो तो मोठा गठ्ठा व्हीएलडीएल, त्यात मुख्यतः ट्रायग्लिसराइड. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातला माल उतरवून घेतात, गठ्ठा लहान होत जातो आणि शेवटी उरतो तो कोलेस्ट्रॉलनं भरलेला एलडीएल. ह्या जातीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर एपोबी नावाचं प्रथिन असतं, गठ्ठ्याला एकच, टॉवेलच्या गठ्ठ्यावर एकच चिठ्ठी असते तसं. हे गठ्ठे धमनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि काही तिथंच अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात, तिथं थर साठतो. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एक दिवस थरावरचं पापुद्रं फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि वहिनीचा फोन येतो.

आता खोच अशी की कागदावरचं एलडीएल हे गठ्ठ्यांतल्या कोलेस्ट्रॉलचं वजन आहे, गठ्ठ्यांची संख्या नव्हे. शुगर असलेल्या, पोट सुटलेल्या, ट्रायग्लिसराइड चढलेल्या माणसात गठ्ठे बारीक होतात. म्हणजे वजन तेवढंच, पण नग जास्त. अण्णा लगेच म्हणाला, "म्हणजे वजनकाट्यावर गाडी पास, आणि चिठ्ठ्या मोजल्या तर दीडपट." अगदी तसंच. चिठ्ठ्या मोजायच्या तर एपोबीची वेगळी तपासणी असते. तिला वेगळे पैसे पडतात. नॉन-एचडीएल फुकट आहे. एचडीएलवर ही चिठ्ठी नसते, म्हणून ते वजा केलं की उरलेल्यात एलडीएल, व्हीएलडीएल, उरलेसुरले सगळेच एपोबीवाले गठ्ठे येतात.

वजाबाकी झाली की उजवीकडच्या 'नॉर्मल रेंज'कडे बघू नका. ती सरसकट सगळ्यांसाठी छापलेली असते. तुमची रेंज तुमच्या अटॅकच्या धोक्यावर ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत हवं. शुगर किंवा बीपी असेल तर ७० आणि १०० च्या आत. हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांना ५५ आणि ८५ च्या आत. अण्णाला तेव्हा १०० च्या आत हवं होतं आणि होतं १४७. दोनशेच्या आत आहे म्हणून आम्ही दोघंही निवांत.

एलडीएलचा आकडा बऱ्याच लॅबमध्ये मोजलेला नसतो, हिशोबानं काढलेला असतो. १९७२ पासून चालत आलेलं फ्रीडवॉल्ड सूत्र: ट्रायग्लिसराइडला ५ नं भागा, ते आणि एचडीएल टोटलमधून वजा करा. २१० चे ४२. १७८ मधून ३१ आणि ४२ गेले, राहिले १०५. घरी करून बघा, कागदाशी जुळतं. पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र कोलमडतं. अशा माणसाचं रक्त मला मशीनला लावायच्या आधीच ओळखू येतं. ट्यूब फिरवून काढली की खाली लाल गाठ, मध्ये जेल आणि वर बिनदुधाच्या फिक्या चहासारखं सीरम दिसायला हवं. ह्यांचं दिसतं ताकासारखं. त्या कागदावरच्या एलडीएलवर विसंबू नका, 'डायरेक्ट एलडीएल' करून मागा किंवा बारा तास उपाशी राहून पुन्हा द्या. ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायला उद्याची वाट बघू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

एरवी उपाशीपोटीच यायला हवं असं आता राहिलेलं नाही, साध्या तपासणीला जेवूनही चालतं. पण दरवेळी एकाच पद्धतीनं द्या, म्हणजे मागच्या आकड्याशी तुलना करता येते. उपाशी आलात तर पाणी पिऊन या. मे महिन्यात लोक न पिता चालत येतात, शीर सापडत नाही आणि वर आमच्यावरच चिडतात. आल्या आल्या हात पुढं करू नका, पाच-दहा मिनिटं बसा. ताप, ऑपरेशन, मोठं दुखणं नुकतंच झालं असेल तर कोलेस्ट्रॉलचे आकडे खोटेच कमी दिसतात, काही आठवडे थांबा. आणि ११२ चं ११८ झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, एवढा फरक दोन सकाळींतही पडतो.

मुलगा परदेशात असेल तर त्याचा कागद वेगळ्या मापात येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाला लेकाचं एलडीएल '३.२' बघून वाटलं, पोरगा वाळला की काय. कोलेस्ट्रॉलच्या अशा आकड्याला ३८.७ नं गुणा, १२४ येतं.

एक तपासणी आयुष्यात एकदा तरी करा: एलपी-ए, म्हणजे लायपोप्रोटीन लिटल ए, एलडीएलसारखाच एक गठ्ठा. त्याची पातळी जवळजवळ पूर्ण आईबापांकडून येते, भाकरीनं हलत नाही आणि चालण्यानंही नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला समजा आणि भावंडांचीही करा. एलडीएल १९० च्या वर असेल तरी हेच, घरातली लहान पोरंसुद्धा तपासून घ्या. थायरॉइडही बघून घ्या, ते मंद असलं की एलडीएल चढतं.

एचडीएल ६० आलं म्हणून मिरवणारे भेटतात. एचडीएल वाढवणारी औषधं काढून बघितली, नुसतं एचडीएल वाढवून अटॅक कमी झाले नाहीत. त्या ओळीचा उपयोग वजाबाकीला.

खाण्याबद्दल लोक मला शेंगाचटणीचं विचारतात. शेंगदाण्यात कोलेस्ट्रॉल नसतं, कुठल्याच वनस्पतीत जवळजवळ नसतंच. त्यामुळं तेलाच्या पाकिटावरचं 'कोलेस्ट्रॉल फ्री' वाचून जादा पैसे देऊ नका. बघायचं ते संपृक्त चरबीकडं. पामतेलात ती जवळजवळ निम्मी. आपलं जुनं करडईचं तेल ह्या बाबतीत उजवं. चटणी-भाकरी खा, बेकरीची खारी आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी सोडा. दारू आणि गोड कमी केलं की ट्रायग्लिसराइड महिन्या-दोन महिन्यांत उतरतं, हे मी ट्यूबमध्ये बघितलंय.

स्टॅटिनची गोळी यकृताला रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घ्यायला लावते. डोसाप्रमाणे एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं. सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. आकडा खाली आला म्हणून गोळी स्वतःच बंद करणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि आकडा परत जागेवर आलेला असतो. पाय दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी, दुसरा डोस असतो.

अण्णाचं परवा घेतलं. टोटल १२८, एचडीएल ३४. मी काही बोलायच्या आत त्यानं कारखान्यातल्या चलनाच्या पाठीमागं वजाबाकी केली, ९४ लिहिलं आणि मला विचारलं, "पंच्याऐंशी पाहिजे ना?" डॉक्टरांनी स्टॅटिनला इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडलीय. पुढचं रक्त संक्रांतीला भरणारी आमची गड्ड्याची जत्रा झाल्यावर.