किरणोपचारानंतर मेंदूचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

ग्लिओब्लास्टोमासारख्या (मेंदूतील घातक) गाठीची शस्त्रक्रिया, त्यानंतर साधारण ६ आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध असा उपचार पूर्ण झाल्यावर जो पहिला एमआरआय होतो, त्यात कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले, चित्रात उजळणारे द्रव्य) घेणारा भाग पूर्वीपेक्षा मोठा दिसणे अजिबात दुर्मीळ नाही. तेवढ्यावरून अहवालात ‘गाठ वाढली’ असे लिहून टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण त्या एका वाक्यामुळे रुग्णाला लागू पडत असलेले औषध बंद होऊ शकते. कॉन्ट्रास्टमधले गॅडोलिनियम गाठीच्या पेशी दाखवत नाही; रक्तवाहिन्यांची भिंत कोठे झिरपते आहे एवढेच ते दाखवते, आणि किरणांनी इजा झालेली भिंतही तशीच झिरपते. म्हणूनच २०१० च्या रॅनो निकषांनी (मेंदूच्या गाठींचा उपचाराला प्रतिसाद मोजण्याचे आंतरराष्ट्रीय निकष) किरणोपचारानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, नवा कॉन्ट्रास्ट मुख्यतः किरणांच्या उच्च मात्रेच्या क्षेत्राबाहेर असल्याशिवाय किंवा ऊतीच्या तपासणीत पुरावा मिळाल्याशिवाय, वाढ झाली असे ठरवू नये असे सांगितले. २०२३ च्या सुधारित निकषांनी तर नव्याने निदान झालेल्या ग्लिओमांसाठी (ग्लिओब्लास्टोमा ज्या गटात येतो त्या गाठींसाठी) तुलनेचा आधारच किरणोपचारानंतरच्या एमआरआयवर आणला.

यातून दुसरी चूक दिसते: किरणमात्रेचा नकाशा न बघता चित्र वाचणे. रेडिओलॉजिस्टच्या हाती अनेकदा फक्त ‘किरणोपचार झाला आहे’ एवढीच माहिती येते. कोणत्या भागाला किती ग्रे (किरणमात्रेचे एकक) मिळाले, उपचार कधी संपला, सध्या स्टिरॉइड किती चालू आहे, बेवासिझुमॅब (नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध) दिले आहे का, हे विनंतीपत्रावर हवेच. स्टिरॉइडची मात्रा वाढवली तर कॉन्ट्रास्ट आणि सूज दोन्ही कमी दिसू शकतात, आणि बेवासिझुमॅबनंतर तर काही दिवसांतच कॉन्ट्रास्ट फिकट होतो, मात्र गाठ तिथेच असते. अशा रुग्णात फ्लेअर चित्रातला (सूज आणि पसरलेली गाठ उजळ दाखवणाऱ्या एमआरआय चित्रातला) पसारा वाढतो आहे का, ते पाहणे आवश्यक ठरते.

प्रगत तंत्रांपैकी पर्फ्युजनचा (ऊतीतला रक्तपुरवठा मोजणाऱ्या एमआरआयचा) उपयोग सर्वाधिक होतो, आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात. तत्त्व सोपे आहे: पुन्हा वाढणाऱ्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या असल्याने तिथले सापेक्ष रक्त-आकारमान जास्त असते, तर किरणजन्य ऊतिनाशात (किरणांमुळे मेलेल्या ऊतीत) ते कमी असते. परंतु डीएससी या नेहमीच्या पर्फ्युजन पद्धतीत कॉन्ट्रास्ट वाहिनीतच राहते असे गृहीत धरलेले असते आणि येथे तर वाहिनी झिरपते. नकाशाच्या रंगांवर विसंबण्याआधी संशयास्पद भागाचा संकेत-वक्र (वेळेनुसार एमआरआय संकेत कसा बदलला याचा आलेख) उघडून पाहावा. कॉन्ट्रास्ट पोहोचताच संकेत घसरतो आणि मग मूळ पातळीकडे परततो. तो मूळ पातळीच्याही वर गेला, तर झिरपण्याच्या टी१ परिणामामुळे (बाहेर आलेल्या कॉन्ट्रास्टने संकेत उजळल्यामुळे) रक्त-आकारमान खोटे कमी दिसते आणि सक्रिय गाठ ऊतिनाश समजली जाते. तो खालीच रेंगाळला, तर उलट फसगत होते. यावर उपाय म्हणून आधी थोडे कॉन्ट्रास्ट देऊन ठेवावे किंवा सुमारे ३० अंशांचा कमी फ्लिप अँगल (एमआरआय यंत्रातील रेडिओ-स्पंदनाचा कोन) वापरावा, आणि सोबत गळतीची गणिती दुरुस्तीही करावी.

दुसऱ्या केंद्राने छापलेला सीमांक (गाठ की ऊतिनाश हे ठरवणारा रक्त-आकारमानाचा आकडा) आपल्या यंत्रावर जसाच्या तसा लावणे हेही असेच घातक आहे. कॉन्ट्रास्टची मात्रा, एमआरआयचा क्रम (चित्र घेण्याची मांडणी) आणि सॉफ्टवेअर बदलले की आकडा बदलतो. शस्त्रक्रियेच्या पोकळीतील जुने रक्त, धातूच्या क्लिपा आणि कवटीच्या तळाशी असलेली हवा यांच्यालगत डीएससीचे चित्र विकृत होते. तिथे डीसीई किंवा एएसएल (कॉन्ट्रास्टशिवाय रक्तप्रवाह मोजणारी पद्धत) या दुसऱ्या पर्फ्युजन पद्धती अधिक भरवशाच्या असतात, मात्र वयस्क रुग्णात रक्त उशिरा पोहोचत असल्याने एएसएल प्रवाह कमी दाखवू शकते. मापनाचे वर्तुळ ठेवताना ठळक शीर किंवा मेंदूचे बाह्यपटल आत येत नाही ना, हे पाहायला हवे. संपूर्ण जखमेची सरासरी काढणेही टाळावे, कारण बहुतेक रुग्णांत गाठ आणि ऊतिनाश एकाच जागी शेजारी शेजारी नांदतात.

स्पेक्ट्रोस्कोपीत (ऊतीतली रसायने मोजणाऱ्या एमआरआयमध्ये) व्हॉक्सेल, म्हणजे मापनाचा चौकोनी ठोकळा, पोकळीत, कवटीच्या चरबीजवळ किंवा पूर्णपणे मृत भागात ठेवला, तर आलेख कितीही नीटस दिसला तरी निरुपयोगी ठरतो. एनएए (निरोगी चेतापेशींचे रसायन) कमी असणे गाठ आणि किरणांची इजा या दोन्हींत आढळते. गाठीत वाढणारे कोलिन (पेशीपटलाशी निगडित रसायन) सुरुवातीच्या दाहामुळेही वाढू शकते; लिपिड-लॅक्टेटची मोठी शिखरे ऊतिनाशाकडे झुकतात, पण गाठीच्या मृत गाभ्यातही ती असतात.

डिफ्युजनमध्ये (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रात) उजळ दिसलेला प्रत्येक भाग दाट पेशींचा नसतो. एडीसी नकाशा (त्या हालचालीचे मोजमाप) शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा, आणि एडीसी कमी असले तरी रक्त, पू किंवा बेवासिझुमॅबनंतरचा ऊतिनाश यांची शक्यता खोडून काढावी.

मेटास्टेसिसवर (दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेल्या कर्करोगावर) रेडिओसर्जरी, म्हणजे नेमका केंद्रित किरणोपचार, झालेल्या रुग्णात महिन्यांनी, कधी वर्षांनीही ऊतिनाश दिसू लागतो, म्हणून ‘आता उशीर झाला, म्हणजे गाठच’ हा तर्क चालत नाही. वर्षांनंतर एसडब्ल्यूआयमध्ये (रक्ताचे अंश दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात) दिसणारे बारीक काळे ठिपके किरणांमुळे झालेले सूक्ष्म रक्तस्राव असू शकतात. तीव्र डोकेदुखी, फीट आणि पक्षाघातासारखी लक्षणे यांसोबत एका बाजूच्या बाह्यपटलावर कॉन्ट्रास्ट दिसला, तर स्मार्ट सिंड्रोम (किरणोपचारानंतर उद्भवणारे पक्षाघातासारखे अर्धशिशीचे झटके) आठवावा. ही स्थिती बहुधा आपोआप निवळते आणि तिथे बायोप्सीची घाई रुग्णाला इजा करू शकते.

तपासण्या परस्परविरोधी आल्या आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर ४ ते ८ आठवड्यांनी त्याच यंत्रावर, चित्र घेण्याच्या त्याच मांडणीने पुन्हा एमआरआय करणे हा बऱ्याचदा उत्तम निर्णय ठरतो. बायोप्सी करावीच लागली, तर सुईची जागा फक्त कॉन्ट्रास्टवरून न ठरवता पर्फ्युजनमध्ये सर्वांत तप्त दिसलेल्या भागावरून ठरवावी, आणि तो भाग शस्त्रक्रियेच्या नेव्हिगेशनमध्ये (सुईला दिशा दाखवणाऱ्या संगणकीय नकाशात) आधीच चिन्हांकित करून द्यावा.