अमेरिकेत बॅचलर्स करायचंय आणि पैसे कमी पडतायत? फायनान्शिअल एड, म्हणजे आर्थिक मदत, कशी मागायची ते नीट समजून घ्या

बहुतेक मुलं आधी रँकिंग उघडतात, आवडलेली नावं लिहून काढतात आणि पैशाचं नंतर बघू म्हणतात. तुम्ही बाहेरच्या देशातून अप्लाय करताय आणि एड लागणारच आहे, तर हे बरोबर उलटं करा. आधी परदेशी मुलांना कुठलं कॉलेज पैसे देतं ते शोधा, आवडनिवड त्यातून ठरवा. कारण सरकारी मदत तुम्हाला नाहीच. फाफ्सा नावाचा सरकारी मदतीचा फॉर्म सगळीकडे दिसेल, पण तो अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या ठरावीक लोकांसाठी आहे, त्यामुळे पेल ग्रँट, फेडरल लोन, फेडरल वर्क-स्टडी, म्हणजे सरकारी अनुदान, सरकारी कर्ज आणि सरकारी पैशातली पार्ट-टाइम नोकरी, हे डोक्यातून काढून टाका. तुम्हाला मिळणार ते मुख्यतः कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून, आणि तो पैसा कोणाला द्यायचा हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं.

दोन शब्द आधी पक्के करा, नीड-ब्लाइंड आणि नीड-अवेअर. नीड-ब्लाइंड म्हणजे अ‍ॅडमिशन देताना तुम्ही एड मागितलीय की नाही हे बघत नाहीत. अमेरिकन मुलांसाठी असं करणारी कॉलेजं बरीच आहेत, परदेशी मुलांसाठी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावं, डार्टमथ आणि बोडनने २०२२ मध्ये जाहीर केलं, आणि २०२५ ला प्रवेश घेणाऱ्या बॅचपासून ब्राउन आणि नोत्र दाम पण आले. इथे अ‍ॅडमिशन मिळाली तर लागेल तेवढी एड मिळते, पण अ‍ॅडमिशन मिळणं किती अवघड आहे ते सगळ्यांना माहितीये, म्हणून फक्त यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका प्लीज.

बाकीची जवळपास सगळी नीड-अवेअर, म्हणजे तुम्ही किती मागताय हे निर्णय घेताना बघितलं जातं. हे ऐकून खूप जण घाबरतात आणि फॉर्मवर "एड नको" टिक करतात, एकदा आत शिरू मग मागू असा विचार करून. हे अजिबात करू नका! स्टॅनफर्डसारख्या अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी एड मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. मग अ‍ॅडमिशन हातात असते आणि फी भरायला पैसे नसतात, यापेक्षा वाईट काय. किती एड लागेल तो आकडा कमी करून सांगणं पण तसंच, घरून खरंच वर्षाला किती देता येईल तेवढंच लिहा, काका-मामा देतील बहुतेक असल्या भरवशावर वाढवून लिहू नका.

आता कुठलं कॉलेज खरंच देतं हे कसं कळणार? वेबसाइटवर "वी वेलकम इंटरनॅशनल स्टुडंट्स" सगळेच लिहितात, त्यावर जाऊ नका. कॉलेजचं नाव आणि पुढे कॉमन डेटा सेट असं सर्च करा, बरीच कॉलेजं दरवर्षी हे डॉक्युमेंट टाकतात. त्यात एच ६ नावाचा भाग असतो, किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतःची एड दिली आणि सरासरी किती डॉलर दिले ते तिथे छापलेलं असतं. समजा एका ठिकाणी सरासरी ६५,००० दिसतेय आणि दुसऱ्या ठिकाणी १२,०००, आणि तुमच्या घरून वर्षाला १०,००० च निघतायत, तर दुसऱ्या कॉलेजसाठी अर्जाची फी घालवायची की नाही हे लगेच कळतं. एड वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारा वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर मात्र बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेला असतो, त्याचं उत्तर धरून चालू नका.

एच ६ सापडलं नाही तर सरळ एड ऑफिसला मेल करा, चार ओळींचा. मी अमुक देशातून अप्लाय करतोय, घरून वर्षाला इतके डॉलर देता येतात, तुम्ही परदेशी विद्यार्थ्यांची पूर्ण गरज भागवता का, कुठले फॉर्म लागतात आणि डेडलाइन काय. बस. विचारल्याने अ‍ॅडमिशनवर परिणाम होईल ही भीती काढून टाका, हे प्रश्न त्यांना रोज येतात.

फॉर्ममध्ये मुख्य म्हणजे सीएसएस प्रोफाइल, घरच्या उत्पन्नाची आणि खर्चाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म, तो १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६, जड जात असेल तर कॉलेजकडे फी वेव्हर (फी माफीचा) कोड मागा, काही कॉलेजं देतात, काही याऐवजी त्यांचा स्वतःचा फुकट फॉर्म चालवून घेतात. सगळे आकडे तुमच्या देशाच्या चलनात भरा, अर्धे डॉलरमध्ये आणि अर्धे आपल्या चलनात असा घोळ झाला तर उत्पन्न भलतंच दिसतं. आई-वडील वेगळे झाले असतील तर बरीच कॉलेजं दोघांचीही माहिती मागतात. शेवटी स्पेशल सर्कमस्टन्सेसचा बॉक्स असतो तो रिकामा सोडू नका, आजारपण, आजी-आजोबांचा खर्च, नोकरी गेलेली, बुडालेला धंदा, जे असेल ते आकड्यासकट साध्या भाषेत लिहा. टॅक्स रिटर्न, पगाराचं पत्र, बँक स्टेटमेंट यांचे इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा, डिसेंबरच्या शेवटी धावपळ नको.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे एका कॉलेजला लवकर अर्ज करून लवकर निकाल मिळवण्याचा, नीट विचार करा. ते बंधनकारक असतं, त्यांनी घेतलं की बाकीची कॉलेजं सोडायची, त्यामुळे ऑफर शेजारी शेजारी ठेवून बघायची संधी जाते. एड पुरेशी नसेल तर सोडवून घेता येतं हे खरं, पण पूर्ण गरज भागवणारं कॉलेज असेल तरच तो रस्ता धरा असं मला मनापासून वाटतं.

ऑफर आली की स्कॉलरशिपच्या आकड्यावर भुलू नका. एका कॉलेजचा एकूण खर्च ८८,००० आणि ग्रँट ७४,०००, दुसऱ्याचा ५४,००० आणि "प्रेसिडेन्शिअल स्कॉलरशिप" २५,०००. दुसऱ्याचं नाव भारी आणि कॉलेज स्वस्त, पण तुमच्या खिशातून पहिल्याला १४,००० जाणार आणि दुसऱ्याला २९,०००. त्यातून लोन आणि कॅम्पस जॉब हे एड म्हणून मोजलेत का ते बघा, हेल्थ इन्शुरन्स आणि विमानाचं तिकीट खर्चात धरलंय का बघा, आणि फी दरवर्षी वाढते तशी स्कॉलरशिप वाढते का, जीपीए (गुणांची सरासरी) किती ठेवावा लागतो हे लेखी विचारा. रक्कम कमी पडत असेल तर उत्तर द्यायची तारीख, म्हणजे बहुतेक ठिकाणी १ मे, त्याच्या आधी अपील करा, आणि त्यात नुसती विनंती नको, बदललेली परिस्थिती आणि तिचा कागद हवा.

मग आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचे पैसे कुठून येणार ते दाखवायचं, कॉलेजची एड त्यात धरली जाते, उरलेल्या रकमेचा पुरावा तुमचा. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, ३५० डॉलर फी वेगळी. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यातून हातखर्च निघेल, फी नाही.

एक गोष्ट कोणी सांगतच नाही ती टॅक्सची. ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त असते, राहण्या-जेवण्यासाठी मिळालेल्या भागावर मात्र टॅक्स लागतो. एफ-१ विद्यार्थ्यांकडून तो साधारण १४ टक्क्यांनी आधीच कापतात, तुमच्या देशाच्या करारात सूट असेल तर वेगळं. म्हणजे ट्यूशन वगैरे सोडून १५,००० ची ग्रँट असेल तर २,१०० डॉलर, आणि बऱ्याच ठिकाणी हे थेट कॉलेजच्या बिलात येतं, म्हणून ऑफर स्वीकारायच्या आधीच एड ऑफिसला विचारा की माझ्या बिलात ही रक्कम किती येईल आणि कधी भरायची.